सोनोग्राफीच्या खोलीत जाण्यापूर्वी

माझ्या धाकट्या जावेला पाचवा महिना लागला आहे. प्रत्येक सोनोग्राफीच्या आदल्या रात्री ती मला विचारते, "ताई, उद्या नक्की काय बघणार आहेत?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचा तिला संकोच वाटतो, आणि घरातले बाकी सगळे "बाळ बघणार, दुसरं काय!" एवढे म्हणून मोकळे होतात. आमचे घर इंदूरच्या सुदामा नगरात आहे. घरात मराठी, दवाखान्यात हिंदी आणि रिपोर्टवर इंग्रजी अशी बातमी तीन भाषांतून फिरून येते आणि तेवढ्यात तिच्यातले निम्मे गळून जाते. मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या दोन मुलींच्या वेळी जे अनुभवले, जे डॉक्टरांना विचारून घेतले आणि पुढे वाचून पडताळले, ते जावेला सांगता सांगता इतके साठले की एकदा सलग लिहून काढावे असे वाटले.

गर्भारपणातली प्रत्येक सोनोग्राफी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी केलेली असते. सातव्या आठवड्यात जे पाहायचे असते ते विसाव्या आठवड्यात पाहण्याची गरज उरलेली नसते, आणि विसाव्यात जे दिसते ते सातव्यात दिसणे शक्यच नसते. त्या दिवशीचा प्रश्न कोणता हे बाईला ठाऊक असले, तर पडद्याकडे पाहताना आणि रिपोर्ट हातात घेताना तिची धास्ती बरीच कमी होते, असा माझा अनुभव आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ची शिफारस २४ आठवड्यांच्या आत किमान एक सोनोग्राफी व्हावी अशी आहे. आपल्याकडे बहुतेक डॉक्टर सुरुवातीला एक, तिसऱ्या महिन्याच्या शेवटी एक, पाचव्या महिन्यात एक आणि शेवटच्या तीन महिन्यांत एक-दोन अशा करायला सांगतात. त्याहून जास्त सांगितल्या तर कारण विचारावे; बहुतेक वेळा कारण असते.

सेंटरवर गेल्यावर पहिला वेळ कागदांत जातो. ज्यांच्याकडे नाव घातले आहे त्या डॉक्टरांची चिठ्ठी, स्वतःचे ओळखपत्र आणि आधीचे सगळे रिपोर्ट बरोबर असावेत. गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीसाठी 'फॉर्म एफ' भरला जातो. त्यात नाव, वय, पत्ता, शेवटच्या पाळीची तारीख, तपासणीचे कारण आणि आधीची अपत्ये लिहायची असतात, तीही मुलगे किती, मुली किती, कोणाचे वय काय अशा तपशिलासह. दुसऱ्या खेपेला या रकान्यात मी 'एक मुलगी' असे सांगितले तेव्हा लिहून घेणाऱ्या बाईने मान वर करून माझ्याकडे पाहिले होते आणि मला ते खटकले होते. परंतु तो प्रश्न तिच्या मनचा नव्हे, कायद्याने ठरवून दिलेल्या नमुन्यातला आहे. आधी मुली असलेल्या बाईवर पुढच्या वेळी घरातून दबाव येण्याची शक्यता अधिक असते, आणि नोंदी तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ते दिसावे अशीच ती योजना आहे. फॉर्मच्या शेवटी गर्भाचे लिंग जाणून घेण्याची आपली इच्छा नसल्याचे जाहीर करून सही करायची असते. तपासणारे डॉक्टरही आपण ते शोधले नाही व कोणाला सांगितले नाही, असे स्वतंत्रपणे लिहून देतात.

गर्भलिंग तपासणीला बंदी करणाऱ्या या कायद्याची सुरुवात महाराष्ट्राने १९८८मध्ये केली. केंद्राचा कायदा १९९४मध्ये संमत होऊन १ जानेवारी १९९६पासून देशभर लागू झाला आणि २००३मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. गर्भलिंग सांगणाऱ्या डॉक्टरला तीन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो, हे सर्वांना माहीत असते. परंतु तशी विचारणा करणाऱ्या नातेवाइकालाही पहिल्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. गर्भवतीच्या बाबतीत मात्र, उलट सिद्ध होईपर्यंत, तिच्यावर नवऱ्याने किंवा नातेवाइकांनीच जबरदस्ती केली असे कायदा गृहीत धरतो. आमच्या एका आतेसासूबाई जावेला म्हणाल्या, "अगं, डॉक्टर ओळखीचे आहेत ना, मग तोंडाने नको, नुसता इशारा तरी करतील." तेव्हा मी त्यांना ही कलमे शांतपणे समजावून सांगितली. ज्यांना अंदाजच बांधायचे आहेत त्यांच्यासाठी डोहाळजेवणात वाटीखाली झाकलेला पेढा आणि बर्फी आहेच. तो खेळ निम्म्या वेळा बरोबर येतो आणि त्यात कोणाचे नुकसान होत नाही.

या कायद्याचा एक फायदा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. गर्भवतीची सोनोग्राफी आपल्याकडे पात्रता असलेला, नोंदणी झालेला डॉक्टरच करू शकतो. म्हणजे प्रोब (तपासणीसाठी अंगावर टेकवायचे उपकरण) हातात धरणारी व्यक्ती डॉक्टर असते आणि शंका असेल तर तिथेच विचारता येते. तपासणी चालू असताना मात्र विचारू नये, कारण त्या वेळी मोजमापे घेतली जात असतात. डॉक्टर दहा मिनिटे एक शब्दही बोलत नाहीत, तेव्हा काहीतरी बिघडले असावे असे वाटून टेबलावर पडलेल्या बाईचा जीव खालीवर होतो. मीही त्यातून गेले आहे. आत गेल्याबरोबर "मोजून झालं की मला समजावून सांगाल ना?" एवढे विचारून ठेवले, की ती शांतता सोपी जाते. नवऱ्याला आत येऊ द्यायचे की नाही हे प्रत्येक सेंटर आपापले ठरवते. मोबाइल मात्र बहुतेक ठिकाणी बाहेरच ठेवायला सांगतात.

यंत्राविषयी थोडेच सांगते. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. माणसाच्या कानाला ऐकू न येणारा, सेकंदाला काही दशलक्ष कंपनांचा ध्वनी पोटात सोडला जातो आणि आतल्या अवयवांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनींपासून चित्र तयार होते. विहिरीत हाक मारली की तिच्या प्रतिध्वनीवरून खोलीचा अंदाज येतो, तसेच हे तत्त्व आहे. हा ध्वनी हवेतून जवळजवळ पुढे जात नाही, म्हणून त्वचा आणि प्रोब यांच्यामध्ये हवा राहू नये यासाठी ते गार, चिकट जेल लावतात. जवळजवळ सात दशके हे तंत्र प्रसूतिशास्त्रात वापरले जात आहे. ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड यांचा पहिला महत्त्वाचा निबंध १९५८मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या काळात या तपासणीमुळे बाळाला इजा झाल्याचा पुरावा मिळालेला नाही. तरीही ध्वनीची तीव्रता आणि वेळ गरजेपुरतीच ठेवावी हा डॉक्टरांचा नियम आहे आणि पहिल्या तीन महिन्यांत ठोके ऐकवण्यासाठी डॉप्लर (रक्ताचा प्रवाह टिपणारी सोनोग्राफीची पद्धत) वापरणे ते शक्यतो टाळतात. त्या वेळी ठोके मोजता येतात, पण ते मोजण्याची पद्धत वेगळी असते. डॉक्टरांनी ठोके 'ऐकवले' नाहीत म्हणून कोणी हिरमुसू नये.

पहिली सोनोग्राफी साधारण सहाव्या ते नवव्या आठवड्यात होते. गर्भ गर्भपिशवीतच आहे ना, की नळीत राहिला आहे, तो एक आहे की दोन, हृदयाचे ठोके सुरू झाले आहेत का आणि गर्भाचे खरे वय किती, एवढे तेव्हा पाहायचे असते. ही तपासणी पुष्कळदा योनीमार्गातून केली जाते, आणि याची पूर्वकल्पना कोणी देत नाही. माझ्या पहिल्या वेळी मला ती नव्हती, म्हणून मी जावेला आधीच सगळे सांगितले. इतक्या लवकर गर्भ काही मिलिमीटरचाच असतो आणि पोटावरून तो स्पष्ट दिसत नाही. आतून केलेल्या तपासणीत प्रोब गर्भपिशवीच्या बराच जवळ पोहोचत असल्याने चित्र स्वच्छ येते. प्रोब अंगठ्यापेक्षा थोडा जाड असतो, त्यावर प्रत्येक वेळी नवे आवरण चढवतात. लघवी करून मूत्राशय रिकामे ठेवायचे असते. पोटावरून तपासणी करायची असेल तर त्याच्या उलट, पाणी पिऊन मूत्राशय भरलेले लागते, म्हणून कोणती होणार आहे हे फोनवरच विचारून घ्यावे. उपाशीपोटी जाण्याचे कारण दोन्हींत नाही. थोडे अवघडल्यासारखे होते, दुखत मात्र नाही, आणि त्याने गर्भपात होतो ही समजूत निराधार आहे. रक्तस्राव होत असतानासुद्धा डॉक्टर ही तपासणी करतात. खोलीत बाई परिचारिका असावी असे वाटत असेल तर तसे स्पष्ट सांगावे. असे सांगण्यात गैर काहीच नाही.

या टप्प्यावर एका आठवड्याने चित्र पार बदलते. पाचव्या आठवड्यात गर्भपिशवीच्या आत नुसती गर्भाभोवतालची लहान पिशवी दिसते, साडेपाच आठवड्यांच्या सुमारास तिच्यात पीतक पिशवी (सुरुवातीला गर्भाचे पोषण करणारी) दिसते आणि सहाव्या आठवड्यात गर्भ व त्याचे ठोके दिसू लागतात. त्यामुळे पाळीच्या तारखेप्रमाणे सहा आठवडे झाले आणि ठोके दिसले नाहीत, तर बहुतेक वेळा गर्भधारणा काही दिवस उशिरा झालेली असते. आतून केलेल्या तपासणीत गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक असूनही ठोके नसतील, अथवा पिशवी सरासरी २५ मिलिमीटरची होऊनही आत गर्भ नसेल, तरच गर्भ वाढत नसल्याचे निश्चित म्हणता येते. त्याहून लहान असेल तर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा पाहायचे, हा सर्वमान्य नियम आहे. ते पंधरा दिवस फार कठीण जातात, हे मला माझ्या मैत्रिणीच्या वेळी दिसले. पण "पुन्हा या" म्हणणारा डॉक्टर अशा वेळी टाळाटाळ करत नसतो, नियमानेच वागत असतो.

गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी म्हणजे रिपोर्टमधला सीआरएल. पहिल्या तीन महिन्यांत सगळ्या बाळांची वाढ जवळजवळ सारख्या वेगाने होते, म्हणून या लांबीवरून वय पाच-सात दिवसांच्या फरकाने अचूक कळते. ज्यांची पाळी अनियमित असते किंवा तारीख लक्षात नसते त्यांच्यासाठी हीच तपासणी सर्वांत मोलाची. यावरून ठरलेली प्रसूतीची तारीख पुढे बदलायची नसते. नंतरच्या प्रत्येक रिपोर्टवर यंत्र वेगळी तारीख छापते आणि घरात गोंधळ उडतो. ती तारीख त्या दिवशीच्या आकारावरून काढलेली असते, हे लक्षात ठेवावे. जुळे असेल तर दोघांची वार एक की वेगवेगळी, हेही १४ आठवड्यांच्या आतच सर्वांत खात्रीने कळते, आणि पुढची सगळी देखरेख त्यावर अवलंबून असते. हृदयाच्या ठोक्यांबद्दल सांगायचे तर, नवव्या आठवड्याच्या सुमारास ते मिनिटाला १७०च्या आसपास असतात आणि पुढे ११० ते १६०च्या दरम्यान स्थिरावतात. जास्त ठोके म्हणजे मुलगी आणि कमी म्हणजे मुलगा, हे शास्त्र आमच्या आळीत अजून जिवंत आहे. त्यात काडीचेही तथ्य नाही.

दुसरी तपासणी ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस या काळातच करायची असते. तिला एनटी स्कॅन म्हणतात. बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असताना त्याच्या मानेमागच्या त्वचेखालील द्रवाची जाडी, म्हणजेच एनटी, मोजतात. ती ३.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर गुणसूत्रांतील दोष किंवा हृदयातील व्यंग यांची शक्यता वाढते. याच वेळी नाकाचे हाड, डोक्याची कवटी, हातपाय, पोटाची भिंत हेही पाहतात. कित्येक डॉक्टर आईच्या गर्भाशयाच्या रक्तवाहिन्यांचा प्रवाहही तपासतात, कारण पुढे रक्तदाब वाढण्याचा धोका असलेल्या बायकांना सोळाव्या आठवड्यापूर्वी कमी मात्रेचे ॲस्पिरिन सुरू केल्याने फायदा होतो. सोबत आईच्या रक्ताची 'डबल मार्कर' तपासणी होते आणि आईचे वय, एनटी व रक्तातील घटक एकत्र करून एक आकडा दिला जातो.

हा आकडा कसा वाचायचा ते कोणी सांगत नाही, आणि घरात सगळ्यांत जास्त रडारड त्यावरून होते. समजा रिपोर्टमध्ये डाउन सिंड्रोमची (एका जादा गुणसूत्रामुळे होणाऱ्या जन्मजात दोषाची) शक्यता २५०मध्ये १ अशी आली आणि पुढे 'हाय रिस्क' असे छापले, तर त्याचा अर्थ असा की अशाच २५० गर्भवतींपैकी २४९ जणींच्या बाळांना तो दोष नसेल. वयानुसार हे प्रमाण मुळातच बदलते. ३५व्या वर्षी साधारण ३५०मध्ये १ आणि ४०व्या वर्षी १००मध्ये १ असे ते असते. म्हणजे ही चाळणी आहे, निदान नव्हे. खात्री करायची असेल तर वारेचा किंवा गर्भजलाचा नमुना सुईने काढून गुणसूत्रे तपासावी लागतात, आणि त्यात गर्भपाताचा थोडासा का होईना, धोका असतो. आईच्या रक्तातून बाळाचे जनुकीय अंश शोधणारी एनआयपीटी ही तपासणी त्याआधी करता येते. ती बरीच अधिक अचूक आहे, पण तीही चाळणीच आहे. उलट 'लो रिस्क' म्हणजेही हमी नव्हे. पुढे काय करायचे आणि काही करायचे की नाही, हे नवराबायकोने एकत्र बसून ठरवायचे असते. मला वाटते, तपासणीला जाण्यापूर्वीच त्यांनी एकमेकांना विचारून ठेवावे, की आकडा मोठा आला तर आपल्याला पुढचे जाणून घ्यायचे आहे का.

आता पाचव्या महिन्यातली, १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यानची सोनोग्राफी. जावेची आता हीच आहे. तिला ॲनोमली स्कॅन किंवा टार्गेट स्कॅन म्हणतात. या वेळी बाळ साधारण ३०० ग्रॅमचे असते आणि त्याचा एकेक अवयव क्रमाने तपासला जातो: मेंदूच्या पोकळ्या व मागचा भाग, ओठ, पाठीच्या कण्याचा मणका न् मणका, हृदयाचे चार कप्पे व त्यातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या, जठर, मूत्रपिंडे, मूत्राशय, हातपायांची लांब हाडे, नाळेतल्या दोन धमन्या व एक शीर. शिवाय वार कुठे आहे, गर्भजल किती आहे आणि गर्भाशयमुखाची लांबी पुरेशी आहे का, हेही पाहतात. याला वीस मिनिटे ते पाऊण तास लागू शकतो. बाळ पालथे असेल किंवा हात तोंडासमोर धरून असेल तर डॉक्टर "करवट ले लीजिए" म्हणतात, आणि तेवढ्याने भागले नाही तर "ज़रा टहलकर, कुछ मीठा खाकर आइए" असे सांगून बाहेर पाठवतात. मला माझ्या धाकटीच्या वेळी असे बाहेर पाठवले होते आणि मी व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. आत परतले तेव्हा तिने सरळ तोंड दाखवले. कधी दुसऱ्या दिवशी बोलावतात. आईच्या पोटावर चरबी जास्त असेल किंवा आधीच्या सिझेरियनचा व्रण असेल, तर चित्र धूसर येते आणि डॉक्टर तसे रिपोर्टमध्ये नमूद करतात. ते वाचून अपमान वाटून घेऊ नये.

"सगळं नॉर्मल आहे" या वाक्याचा अर्थ या तपासणीत नीट समजून घ्यायला हवा. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने आपल्या कार्यक्रमासाठी जी प्रमाणे धरली होती, त्यांनुसार कवटी व मेंदू न बनण्याचा दोष १००पैकी ९८ वेळा सापडावा, कण्याचा उघडा दोष ९० वेळा, फाटलेला ओठ ७५ वेळा, तर हृदयाचे गंभीर दोष सुमारे ५० वेळा. म्हणजे उत्तम यंत्र आणि निष्णात डॉक्टर असतानाही काही दोष निसटतात, आणि त्यात कोणाचा निष्काळजीपणा असतोच असे नाही. जन्मापूर्वी प्रत्येक बाळाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडपेचे छिद्र नैसर्गिकपणे उघडेच असते, त्यामुळे तिथला दोष ओळखणे अवघड जाते. बहिरेपणा, स्वमग्नता, बहुतेक चयापचयाचे विकार सोनोग्राफीत दिसतच नाहीत. डाउन सिंड्रोमच्या अनेक बाळांतही या वेळी काही ठळक आढळत नाही. आईला मधुमेह असेल किंवा घरात जन्मजात हृदयदोषाचा इतिहास असेल, तर डॉक्टर बाळाच्या हृदयाची वेगळी, फीटल इको ही तपासणी सुचवतात. ती दोष सापडला म्हणून नव्हे, तर तो सापडण्याची शक्यता वाढावी म्हणून असते.

याच्या उलट टोकाची अडचण म्हणजे, रिपोर्टमध्ये काहीतरी लिहून येते आणि ते फारसे काही नसते. हृदयात चकाकणारा एक ठिपका, मेंदूतील द्रव तयार करणाऱ्या भागात लहानशी पुटकुळी, मूत्रपिंडात किंचित साठलेला द्रव, अशा खुणा निरोगी बाळांतही आढळतात आणि एनटी व रक्ततपासणी ठीक असेल तर एकट्यादुकट्या खुणेला सहसा महत्त्व नसते. मूत्रपिंडातला द्रव तेवढा पुढच्या तपासणीत पुन्हा मोजतात. वार खाली असल्याचे तर या महिन्यात पुष्कळ जणींना सांगितले जाते. गर्भाशयाचा खालचा भाग पुढे ताणला जातो तशी वार बहुतेकींची वर सरकते, म्हणून ३२व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा पाहायचे असते. तोवर सगळा वेळ पलंगावर पडून राहायला सांगण्याचा घरातल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह सहसा अनाठायी असतो. मात्र आधी सिझेरियन झाले असेल आणि वार खाली, पुढच्या भिंतीवर असेल, तर ती जुन्या व्रणात रुतण्याचा धोका असतो. तिथे हयगय करू नये. रक्त गेले तर प्रत्येकीनेच लगेच रुग्णालय गाठावे.

गंभीर व्यंग आढळले तर वेळेचे महत्त्व फार वाढते. गर्भपाताचा मूळ कायदा १९७१चा. २०२१च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे आणि २० ते २४ आठवड्यांच्या दरम्यान, नियमांत नमूद केलेल्या गटांतील स्त्रियांसाठी, दोन डॉक्टरांचे मत लागते. बाळात गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने गर्भपात होऊ शकतो. परंतु दुसरे मत घेणे, गुणसूत्रांची तपासणी करणे आणि तिचा निकाल येणे यांत आठवडे जातात. लग्नकार्य, परगावचा प्रवास किंवा चांगला दिवस यांसाठी ही सोनोग्राफी पुढे ढकलू नये, असे मी म्हणते त्याचे कारण हे आहे. पाचव्या महिन्यात आमच्याकडे कुळाचाराचा एक प्रसंग आला तेव्हा सासूबाईंनीच "आधी सोनोग्राफी, मग कुळाचार" असे सांगून विषय संपवला.

खर्चाचे दोन शब्द. खासगी सेंटरांचे दर वेगवेगळे असतात आणि ॲनोमली स्कॅन साध्या सोनोग्राफीपेक्षा महाग असतो. बाळाचा चेहरा दाखवणारी थ्रीडी-फोरडी चित्रे हौसेची आहेत. काही दोषांत डॉक्टरांना त्यांची मदत होते, पण ती घेतली नाहीत म्हणून तपासणी अपुरी राहत नाही. सरकारी रुग्णालयांत गर्भवतींना या तपासण्या विनामूल्य मिळण्याची तरतूद २०११पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे, आणि २०१६पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या ९ तारखेला दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतील बायकांची तपासणी होते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंच्या सुनेची सगळी देखरेख इंदूरच्या सरकारी रुग्णालयातच झाली. रांग लांब होती, पण तपासणी नीट झाली.

शेवटच्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत बाळाची वाढ पाहतात. डोक्याची रुंदी व घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजून सूत्राने वजन काढले जाते, आणि ते दहा ते पंधरा टक्के इकडेतिकडे असू शकते. रिपोर्टवर ३ किलो लिहिले असेल तर बाळ २.६चेही निघेल आणि ३.४चेही. त्यामुळे दोन सोनोग्राफींमध्ये दीडशे-दोनशे ग्रॅमचा फरक पाहून आईला तूप-लाडवांचा मारा करण्यात अर्थ नसतो. वाढीचा कल तीन-चार आठवड्यांच्या अंतरानेच समजतो. गर्भजल किती आहे हे सांगणारा एएफआय हा आकडा साधारण ५ ते २५ सेंटिमीटर असावा लागतो. या वयात गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीचेच असते, म्हणून ते घटले तर बाळाला वारेतून रक्त कमी पोहोचते आहे का, हे नाळेच्या डॉप्लरने तपासतात. बाळ पायाळू असल्याचे २८व्या आठवड्यात कळले तर घाबरू नये, बहुतेक बाळे आपली आपण फिरतात. दिवस भरताना शंभरात तीन-चारच पायाळू राहतात. गळ्याभोवती नाळेचा वेढा ही बातमी तर हमखास धडकी भरवते, पण जन्माच्या वेळी चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्याभोवती वेढा असतोच आणि जवळजवळ सगळी सुखरूप जन्मतात. तेवढ्याच कारणासाठी सिझेरियन करावे लागत नाही.

एवढ्या सगळ्या रिपोर्टांनंतरही शेवटच्या महिन्यांत सर्वांत ताजी माहिती आईलाच असते, कारण सोनोग्राफी त्या अर्ध्या तासापुरते सांगते आणि बाळ दिवसभर हलत असते. त्याची हालचाल नेहमीपेक्षा कमी झाल्याचे जाणवले तर डाव्या कुशीवर पडून तासभर लक्ष द्यावे आणि तरीही शंका राहिली तर रात्र असो वा सण, रुग्णालयात जावे. चार दिवसांपूर्वीचा रिपोर्ट चांगला होता म्हणून सकाळपर्यंत थांबू नये. जाताना सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावलेली फाइल बरोबर न्यावी आणि पहिल्या सोनोग्राफीचा कागद सर्वांत वर ठेवावा. प्रसूतीच्या खोलीतले डॉक्टर आधी तोच मागतात.